पन्नास हजार लिटर हिरवं पाणी

घर घेतलं तेव्हा आईला फोनवर सांगितलं, की मागच्या अंगणात पूल आहे. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "घराच्या मागनं ओढा जातोय व्हय? मग पावसाळ्याचं जपून ऱ्हावा."

पूल म्हणजे ओढ्यावरचा पूल, हेच आमच्याकडे कुणालाही आधी सुचेल. माण तालुक्यातलं आमचं गाव. तिथे ओढ्यालाही वर्षातले चार दिवस पाणी असतं. पोहण्यासाठी पाणी साठवतात आणि ते पाणी घराच्या मागे असतं, हे आईला समजावायला मला अख्खा फोन लागला. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे टाकीच की!"

तिचं बरोबर होतं. न्यू जर्सीतल्या आमच्या घराबरोबर जो स्विमिंग पूल आला, तो जमिनीत खणलेला नाही, जमिनीवर मांडलेला आहे. गोल पत्र्याची भिंत, आतून निळ्या व्हिनाइलचं अस्तर, ज्याला इथे लायनर म्हणतात, आणि चढायला-उतरायला एक प्लास्टिकची शिडी. व्यास २४ फूट, पाणी ४ फूट खोल. हिशेब केला तर साडेतेरा हजार गॅलन, म्हणजे सुमारे ५१ हजार लिटर. आपल्या भाषेत, झाकण नसलेली पन्नास हजार लिटरची टाकी.

हा आकडा मला लहानपणापासून पाठ आहे. आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर तो निळ्या ऑइलपेंटने लिहिलेला असायचा. क्षमता : ५०,००० लिटर. त्या टाकीचं पाणी गावाला सोडण्याचं काम माझे वडील करायचे.

*

मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नासाठी आम्ही सगळेच तीन आठवडे गावी गेलो. जाण्याआधी पुलावरचं हिवाळी आच्छादन काढलं, पंप टायमरवर लावला, क्लोरीनच्या गोळ्या ठेवलेला डबा पाण्यात तरंगत सोडला आणि निर्धास्त निघालो. आमच्या मागे कधीतरी पंपाचा ब्रेकर पडला. परत आलो तेव्हा मागचं दार उघडून माझी आठ वर्षांची लेक ओरडली, "आई, पूलमध्ये पालक केलाय कुणीतरी!"

खरंच तसंच दिसत होतं. तळ सोडा, शिडीची दुसरी पायरीही दिसत नव्हती. भिंतीला बोट लावलं तर बुळबुळीत. शिडीवर एक बेडूक बसला होता आणि त्याची हलायची तयारी नव्हती.

लेकीचा वाढदिवस जूनच्या शेवटच्या शनिवारी. वर्गातल्या अकरा मुलांना 'पूल पार्टी'ची आमंत्रणं गेलेली.

शेवाळ हा प्रकार चिवट आहे, पण गूढ मुळीच नाही. त्याचे बीजाणू वाऱ्यावर, पावसात, पानांवर, आपल्या अंगावर, सगळीकडे असतात. पाण्यात क्लोरीन असेल तर ते आल्या आल्या मरतात. क्लोरीन संपलं, पाणी हलायचं थांबलं आणि वर जूनचं ऊन असलं, की दोन-तीन दिवस पुरतात. हे मोठमोठ्यांचं होतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा तलाव सगळ्या जगासमोर हिरवा पडला होता, आठवतंय? तिथे कुणीतरी पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. त्याने क्लोरीन निकामी केलं आणि मग शेवाळाला रान मोकळं मिळालं.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी तडक दुकान गाठलं.

दुकानातल्या मुलाने बाटलीतलं माझं पाणी मशीनमध्ये घातलं आणि एक लांबलचक कागद हातात दिला. क्लोरीन शून्य. सायन्युरिक अॅसिड ९०, पुढे लाल बाण. मी बाणाचा अर्थ विचारला नाही, त्याने सांगितला नाही. शेवाळनाशकाची बाटली, पाणी चकाकवणारी बाटली आणि 'शॉक' नावाच्या पावडरीच्या एक-एक पौंडाच्या चार पिशव्या घेऊन मी घरी आले. शनिवारी भर दुपारी, डोक्यावर टोपी घालून, चारही पिशव्या कडेकडेने पाण्यात रिकाम्या केल्या.

पहिली पिशवी फाडली आणि हात थांबला. तो वास.

*

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर माझी एक मैत्रीण होती, डेक्कनची. पहिल्याच आठवड्यात माझी चादर हुंगून म्हणाली, "तुझ्या कपड्यांना स्विमिंग पूलचा वास येतो गं. मस्त!" मी तोवर स्विमिंग पूल पाहिलेला नव्हता. माझ्यासाठी तो वास अण्णांचा होता. टीसीएल पावडरचा. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्याची पोती असायची आणि पोतं रिकामं झालं की धुऊन घरी यायचं. अण्णांच्या सदऱ्याला, सायकलच्या हँडलला, ते ज्या हातांनी आम्हाला गूळ-शेंगदाणे द्यायचे त्या हातांना, सगळ्याला तो वास.

"वडील काय करतात?" असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पाणीपुरवठ्यात आहेत." ती म्हणाली, "इंजिनिअर?" मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. चार वर्षं ते तसंच राहिलं. लग्नाच्या बायोडेटातही 'वडील : नोकरी' एवढंच होतं. चादर मात्र मी त्याच महिन्यात बदलली.

शॉक म्हणून इथे विकतात ते कॅल्शियम हायपोक्लोराइट. आपल्या टीसीएलचाच जास्त दमदार भाऊ. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन साधारण एक तृतीयांश असतं, इथल्या पिशवीत दुपटीच्या आसपास. वास तोच.

*

संध्याकाळपर्यंत पाण्याचा रंग तसूभर बदलला नाही. उलट लायनरवर तीन ठिकाणी पांढरे डाग पडले, निळ्या कापडावर ब्लीच सांडावं तसे. ते आजही आहेत.

रविवारी रात्री साडेआठला घरी व्हिडिओ कॉल केला. आमचे साडेआठ म्हणजे गावाकडे सकाळचे सहा. आईला हिरवं पाणी दाखवून हसवावं, एवढाच हेतू. आई हसलीही. तिच्या मागे अण्णा चहा पीत बसले होते. रिटायर झाल्यापासून अण्णा फोनवर येत नाहीत. "बरं हाय का? पोरगी बरी हाय का? ठेवू का?" हे तीन प्रश्न झाले की संपलं. त्या दिवशी ते बशी खाली ठेवून पुढे आले.

"टीसीएल किती टाकलंस?"

मी सांगितलं.

"कवा?"

"दुपारी."

"उन्हात? आगं, उन्हात उडून जातंय ते. दिस बुडाल्यावर टाकायचं. आन् ते पांढरं काय पडलंय खाली? कोरडंच फेकलंस व्हय?" आईकडे वळून म्हणाले, "इंजिनिअर हाय म्हणं."

मग त्यांनी मला टीसीएल कसं टाकतात ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं होतं. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग त्यात पावडर; पावडरीवर पाणी कधीच ओतायचं नाही. लाकडाच्या काठीने ढवळायचं. चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. हजार लिटरला पाच ग्रॅम. अर्धा तास थांबायचं. मगच गावाला पाणी.

"आन् ओटी केलीस का?"

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आमच्या दुकानदाराने फुकट दिलेल्या लहान डब्यात दोन बाटल्या होत्या, एक पीएचची आणि दुसरी ही. मी नळी भरली, पाच थेंब टाकले, फोनसमोर धरली. पाणी पांढरंस्वच्छ. पिवळेपणाची छटासुद्धा नाही.

अण्णा बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खातंय कोणतरी." आणि फोन आईकडे देऊन उठून गेले.

*

मी सातवीत होते. जुलै महिना. गावात गॅस्ट्रोची साथ आली. शाळेच्या व्हरांड्यात खाटा टाकून सलाइन लावली होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं आमच्या दारात आली. "पगार कशाचा घेतो? पावडर टाकत न्हाईस?" अण्णा उंबऱ्यात उभे होते आणि काहीही बोलत नव्हते. मी आतल्या खोलीत दाराच्या फटीतून बघत होते. मला वाटलं, गप्प आहेत म्हणजे खरंच टाकली नसेल.

हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. अण्णांना तर नाहीच. पण चादर बदलण्यामागे, बायोडेटातल्या त्या दोन शब्दांमागे फक्त गरिबीची लाज नव्हती.

*

पुढचे तीन दिवस मी अण्णांच्या पद्धतीने केलं. अंधार पडला की बादली, काठी, निवळी. कडेने ब्रश मारायचा, पंप चोवीस तास चालू. ब्रश महत्त्वाचा, शेवाळावर बुळबुळीत थर असतो, तो फोडल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. वाळूच्या फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा आठ-दहा पौंडांनी चढला की पाणी उलटं फिरवून तो धुवायचा. हे सगळं करूनही पाणी हिरवं ते हिरवंच.

तेव्हा कुठे मी दुकानाच्या कागदावरचा लाल बाण उघडून बसले.

सायन्युरिक अॅसिड हे क्लोरीनचं उन्हापासून रक्षण करतं. पाण्यात ते थोडं लागतंच. पण तरंगत्या डब्यातल्या त्या गोळ्यांमध्ये क्लोरीनबरोबर तेही असतं. क्लोरीन वापरून संपतं, हे मात्र पाण्यात साठत जातं, वर्षानुवर्षं. आधीच्या मालकाने बहुधा गोळ्यांवरच पूल चालवला असावा. क्लोरीनच्या अंगावर एक गोधडी असली तर ऊन लागत नाही. दहा गोधड्या घातल्या तर बिचाऱ्याला हात हलवता येत नाही. शेवाळ मारायला साधारणपणे या अॅसिडच्या आकड्याच्या चाळीस टक्के तरी क्लोरीन धरून ठेवावं लागतं, असा इथल्या अनुभवी लोकांचा हिशेब. ९० असेल तर ३६. माझं चढत होतं फार तर सहा-सात, आणि तेही शेवाळ सकाळपर्यंत फस्त करत होतं.

हे अॅसिड काढायला व्यवहारात एकच खात्रीचा उपाय आहे. पाणी काढून टाकायचं आणि नवं भरायचं. पूर्ण रिकामा करायचा नाही, कारण लायनर आकसतो आणि आतल्या पाण्याचा दाब गेला की पत्र्याची भिंतही डगमगते. पण निम्मं तरी काढायलाच हवं.

निम्मं म्हणजे पंचवीस हजार लिटर.

मी मोटर आणली, पाइप लावला आणि बटणावर बोट ठेवून उभी राहिले. गावाकडच्या जुन्या हिशेबात माणशी दिवसाला चाळीस लिटर धरत. पन्नास हजारांत साडेबाराशे माणसांचा एक दिवस. आमच्या गावात मे महिन्यात टँकर यायचा तेव्हा आई एका घागरीसाठी दोन बायकांशी भांडली होती. त्यातली एक तिची सख्खी जाऊ. आणि मी अकरा मुलांच्या पार्टीसाठी सव्वासहाशे माणसांचा दिवस गवतावर सोडणार होते.

अण्णांना फोन केला. खरं तर परवानगीसाठीच. सगळं सांगितलं, गोधड्यांसकट.

ते म्हणाले, "क्लोरीन न्हाय ना त्यात आता?"

"शून्य."

"मग झाडास्नी सोड. एका जागी ओतू नको, पाइप हलवत ऱ्हा." मग थांबून, "घाण झालेली टाकी ठेवून काय गावाला पाजायचीय व्हय? टाकी धुताना पाणी जातंयच. माझा बी जीव जायचा दर टायमाला."

मी पाइप हलवत राहिले. मेपलला, शेजारच्या आजोबांच्या टोमॅटोंच्या कडेला, त्यांना विचारून, कुंपणाच्या झुडपांना. रात्र झाली. फोन लोखंडी खुर्चीवर उभा होता, पलीकडे अण्णांची सकाळ. त्या अंधारात मी विचारलं, "अण्णा, मी सातवीत होते तेव्हा... गॅस्ट्रोच्या वेळी काय झालं होतं?"

मोटरचा आवाज. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"पावडर मेलेली व्हती," ते म्हणाले. "पोती जुनी. वल धरलेली. तसली पावडर नुसता चुना. रोज टाकत व्हतो, डबल टाकत व्हतो, ओटी पिवळी व्हायची न्हाय. तीनदा जाऊन सांगितलं, नवीन पोतं आणा. म्हणले, येईल पुढल्या आठवड्यात."

"मग तुम्ही त्या लोकांना का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? ओटी पांढरी दिसत हुती मला. तरी मी पाणी सोडलं." थोडं थांबून म्हणाले, "नसतं सोडलं तर काय पिली असती माणसं, म्हणून सोडलं. पण सोडलं मीच."

मी पाइप हातात धरून उभी होते. एकाच झुडपाच्या बुडाशी पाण्याचं तळं झालं होतं.

टीसीएलची ताकद उघड्यावर, दमटपणात, उन्हात झपाट्याने उतरते. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. मला ते समजायला सातवीपासून आजपर्यंत कुणीच आडवं आलं नव्हतं. फक्त विचारायचं होतं.

*

नवं पाणी भरायला रात्र आणि दुसरी दुपार गेली. अॅसिड ४५ वर आलं. आता लक्ष्य १८. आधी पीएच ७.२ पर्यंत उतरवला, मग दिवस मावळल्यावर तीन पिशव्या, निवळी करून. तरंगता डबा आधीच बाहेर काढून लांब ठेवला होता. त्यातल्या गोळ्या आणि ही पावडर कोरड्या किंवा ओलसर एकमेकींना लागल्या तर आग लागू शकते, स्फोटही होतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी पूल असेल तर एवढं एक वाक्य विसरू नका.

दुसऱ्या सकाळी पाणी हिरवं नव्हतं. राखाडी, दुधाळ, तांदळाच्या धुवणासारखं. लेक रडवेली झाली, पण ही चांगली खूण असते. शेवाळ मेलेलं असतं, आता ते फिल्टरने ओढून घ्यायचं. मी दिवसातून दोनदा फिल्टर धुतला, दोनदा ब्रश मारला, दर संध्याकाळी क्लोरीन पुन्हा १८ वर नेलं. ओटीच्या नळीतलं पाणी आता पिवळं सोडून नारिंगी दिसायचं. अण्णा पहिल्यांदा बघून दचकले. "आगं, जास्त झालं!" मी म्हणाले, "प्यायचं नाही अण्णा." ते म्हणाले, "तरी बी." एवढं क्लोरीन मोजायला ती नळी पुरत नाही, थेंब मोजायचा वेगळा संच लागतो, तो मी मागवला होता. पण अण्णांना दाखवायला ओटीच.

सहाव्या दिवशी तळ दिसला. मी फोटो पाठवला. फोन आला, "शिडी काढलीस का? टाकीत शेवाळ शिडीखालीच बसतंय." शिडी उचलून बाहेर ओढली. पोकळ पायांच्या आत, प्रत्येक पायरीखाली, हिरवी साय. ती घासायला एक सकाळ गेली.

मग शेवटची परीक्षा. रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचं, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजायचं. ऊन नसताना एकाहून जास्त कमी झालं तर समजायचं, पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे. अण्णांना समजावलं तर म्हणाले, "म्हंजे रातच्याला कोण खातंय का बघायचं." आणि मग ते वाक्य, जे मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं असणार आणि ज्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं : "टाकीपाशी बघू नको. टाकीपाशी समदं बरंच असतंय. शेवटच्या नळाला बघायचं."

गॅस्ट्रोच्या त्या वर्षानंतर निवृत्त होईपर्यंत अण्णा रोज संध्याकाळी सायकलवरून वस्तीच्या टोकाला जायचे. मला वाटायचं पत्ते खेळायला जातात. गावातला शेवटचा नळ तिथे होता.

मी पंपाच्या तोंडापासून सगळ्यात लांबच्या कडेला जाऊन, कोपरापर्यंत हात बुडवून नमुना घेतला. रात्री १७.५. पहाटे पाचला, टॉर्चच्या उजेडात, १७.

*

पार्टी झाली. त्याआधी चार-पाच दिवस क्लोरीन आपोआप उतरू दिलं. मुलं चार तास पाण्यात होती. एका मुलाची आई म्हणाली, "पाणी किती स्वच्छ आहे, क्लोरीनचा वाससुद्धा येत नाही." पुलाचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो बहुतेक वेळा घाम-लघवीशी झगडून थकलेल्या क्लोरीनचा असतो, हे मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलं, "हे सगळं कुठे शिकलीस?" मी म्हणाले, "माझे वडील गावच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. पाणी सोडायचे. पावडर टाकायचे."

ती म्हणाली, "अच्छा," आणि केक कापायला चाकू शोधू लागली. एवढंच. एवढ्यासाठी मी वीस वर्षं घेतली होती.

सगळे गेल्यावर मी काळं मार्कर घेतलं आणि पुलाच्या पत्र्यावर, पंपाच्या वरच्या बाजूला, गावच्या टाकीवर असतं तसं लिहिलं :

क्षमता : ५१,००० लिटर
टाकी धुतल्याचा दिनांक :

आणि पुढे तारीख. फोटो काढून अण्णांना पाठवला. गावाकडे पहाट व्हायची होती. दोन तासांनी त्यांचा आवाज आला, व्हॉइस नोट, अकरा सेकंदांची. आधी नुसता घसा साफ केल्याचा आवाज.

मग, "पुढचा दिनांक लिवला न्हाईस."